ओल्या खडूचं वाक्य

मी एक जुना फळा आहे. पोखर्णीच्या अलीकडच्या एका खेड्यात, चौथीच्या वर्गात भिंतीला टेकून उभा आहे. दर जूनला पोरं बॅटरीच्या जुन्या सेलातली काजळी घेवड्याच्या पाल्यात वाटून मला फासतात. तेवढंच माझं कौतुक. बाकी वर्षभर खरडा आणि पुसा. मित्रांनो, थकलो आता.

माझ्या उजव्या कोपऱ्यात आठवड्याचा इंग्रजी शब्द असतो. तो टिकावा म्हणून सर ओल्या खडूनं लिहितात. ओला खडू वाळला की कोरड्या फडक्याला दाद देत नाही.

त्या सोमवारी शब्द होता 'ॲबनॉर्मल'.

"म्हणजे नेहमीसारखं नसलेलं," सर म्हणाले. "यंदाचा पाऊस ॲबनॉर्मल होता. हं, करा वाक्य."

आदिनाथ उठला. "सर, अर्पिता ॲबनॉर्मल हाय!"

वर्ग खिदळला. अर्पिता अगदी माझ्या पायाशी बसायची. अक्षरांवरून बोट फिरवल्याशिवाय तिला वाचताच यायचं नाही. उठायची, माझ्यावर बोट टेकायची आणि खणखणीत वाचायची. एवढाच तिचा गुन्हा.

त्या पोराचा कान धरायचा सोडून सर म्हणाले, "वाक्य बरोबर आहे." आणि लिहिलं की माझ्या अंगावर! ओल्या खडूनं! मला तोंड असतं तर तिथंच थुंकलो असतो.

खडू वाळल्यावर अर्पिता उठली. बोटानं स्वतःचं नाव वाचलं, पुढचा शब्द वाचला, दप्तर उचललं आणि गेली.

गुरुवारी तिची आजी, चांगुणाबाई, वर्गात शिरली. "गुरुजी, पोरगी शाळंत येत न्हाई म्हणायलीय. काय लिवलं तिच्यावर?"

"आजी, ते नुसतं उदाहरण होतं."

"मंग तुमच्या लेकीचं नाव टाका की तिथं. होऊ द्या उदारण."

सरांनी फडकं ओलं करून घासघास घासलं. चार दिवस मुरलेली अक्षरं हटेनात, त्यांचे कंगोरे बोटाला लागतच राहिले. शेवटी अवेळी पाला वाटला, काजळी कालवली. आदिनाथनंच ती फासली.

पुढच्या सोमवारी अर्पिता आली. सरळ माझ्या कोपऱ्याशी. डोळ्यांना तिथं नुसतं काळं दिसत होतं. पण तिचं बोट फिरलं, अडलं, पुन्हा अडलं. काजळीखालचं सगळं वाक्य तिनं वाचलं. मग जाऊन शेवटच्या रांगेत बसली.

मित्रांनो, शब्द शिकवायला पाऊस पुरला असता. मला काजळी फासू नका, माझं काय, फुटेन एक दिवस. त्या पोरीला तेवढं पुढं बोलवा. तिथून तिचं बोट माझ्यापर्यंत पोचत नाही.