कासिमिराची मिस्की

आमच्याकडे ऑगस्टात कडाका असतो; त्याच थंडीत माझी धाकटी बहीण कासिमिरा गेली. छातीत कफ भरला, चार दिवस तापाने फणफणली, आणि सकाळी मी तिच्यासाठी सूप ढवळत असताना मागच्या मागे गेली. मातीला पाच दिवस झाल्यावर आमच्या रीतीप्रमाणे नदीवर जाऊन तिचे कपडे धुतले. सगळे परकर दगडांवर वाळत घातले. घरी परतलो तर तिच्या स्वयंपाकघरातून नुसता कालवा. तिच्या कुया ओरडत होत्या. त्या पाच दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्याने मूठभर पाला टाकला असेल तेवढाच.

कुई म्हणजे गिनीपिग. आमच्या डोंगरात कुठल्याही घरी चुलीभोवती पंधरा-वीस तरी असतात. लग्नाला, सणाला, पाहुण्याला तीच मेजवानी. सांभाळायच्या बायकांनी. धरून मारायचं काम काही घरांत बायका करतात, काही घरांत पुरुष. कासिमिराचा हात काही त्या कामाला चालत नसे, म्हणून तिच्याकडे ते इलारिओकडे होतं. इलारिओ तिचा नवरा. चाळीस वर्षं तो त्या खोलीत खाली वाकला की एक कुई कमी व्हायची. त्यांना त्याची ओळख होती ती एवढीच.

तर त्या दिवशी तो लसूणघासाचा भारा घेऊन आत गेला आणि दोन मिनिटांत बाहेर आला.

"ताई, खात नाहीत. मी दिसलो की कोपऱ्यात जाऊन एकीवर एक चढतात."

"तुझ्या टायरच्या चपलांचा आवाज ओळखतात त्या. काढून जा."

"थंडी आहे."

"मग त्यांना उपाशी मार," मी म्हटलं. मी तेव्हा कुणावरही चिडत होते.

त्याने चपला काढल्या. दुसऱ्या दिवशीही काढल्या. रोज अनवाणी जायचा, चारा ठेवायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. तो उठून गेला की मगच त्या खायच्या. फक्त एक पळाली नाही. तिला पळता येत नव्हतं.

ती मिस्की. मिस्की म्हणजे गोड. पिल्लू असताना मेंढीचा पाय पडून तिचा मागचा पाय मोडला होता. दुसऱ्या कुणी ती मांजराला टाकली असती. कासिमिराने पायाला काडी बांधली, चिंधीने दूध पाजलं, आणि चुलीशेजारी विटांचं वेगळं खोपटं करून त्यात ठेवली. पाय वाकडाच जुळला. मोठी झाल्यावरही कासिमिराने तिला बाकीच्यांत सोडलं नाही. "ही माझी," म्हणायची. भाकरी भाजताना तिला परकराच्या ओच्यात घेऊन बसायची. मी हसायचे. म्हणायचे, "अगं, हिला एखादं टोपडं तरी शिव." तर तिने खरंच एक विणायला घेतलं होतं.

इलारिओला यातलं काही माहीत नव्हतं. कोपऱ्यात एक लंगडी आहे, एवढंच. पण मिस्की त्याच्या हातून खाणारी पहिली ठरली. आधी देठ ओढून घेऊन मागे सरायची, मग सरायची थांबली. सप्टेंबर सरता सरता तो तिला अंगावरच्या पोंचोच्या घोंगडीखाली छातीशी धरून अंगणात बसलेला दिसू लागला. हनुवटीखाली खाजवलं की ती अंग थरथरवून गुरगुरायची. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तो घाबरून माझ्याकडे पळत आला.

"ताई, हिला काहीतरी होतंय! आतून कापतेय!"

"खूश आहे ती, बावळटा."

"खूश?" तो तिच्याकडे बघतच राहिला. "माझ्यावर?"

त्यानंतर त्याला दुसरं काही सुचेना. तिची नखं वाढली होती ती त्याने माझ्या कात्रीने कापली. मी पाय धरले आणि तो प्रत्येक नखाला "झालं, झालं" म्हणत राहिला. मक्याची कोवळी पानं तिच्यासाठी वेगळी काढायचा. घास कापून येताना कुंपणापाशी त्याचं खोकणं ऐकलं की ती आतून शीळ घालायची, आणि तो बाहेरूनच ओरडायचा, "आलो गं, आलो!" कासिमिरा कधी त्याला बोलवायची तेव्हा हा माणूस हं सुद्धा म्हणत नसे. मला ते आठवायचं आणि राग यायचा, आणि राग आला म्हणून पुन्हा वाईट वाटायचं. कधी तो मिस्कीला मांडीवर घेऊन तिच्याशी कासिमिराविषयी बोलायचा. माझ्याशी कधी बोलला नाही.

डिसेंबरात माझ्या मुलीच्या बाळंतपणासाठी मी वांकायोला, तिच्या शहरात गेले. बाळ लवकर आलं आणि मुठीएवढं आलं. महिनाभरासाठी गेलेली मी मार्च उजाडल्यावर परतले. गावात पोचले, बोचकं ओसरीवर टाकलं, तोवर इलारिओ हजर. चेहरा नुसता उजळलेला. बायको गेल्यापासून मी त्याला असा पाहिला नव्हता.

"ताई, आधी चला. चहा मग."

"अरे, पाय तरी धुऊ दे."

"पाय कुठे जात नाहीत. चला."

खोपट्यात मिस्की बसली होती. बसली कसली, पसरली होती. पोटाचे दोन्ही बाजूंना गोळे झाले होते.

"ही... ही कशी?" मी विचारलं.

"जानेवारीत बाकीच्यांत सोडली. एकटी असायची हो ताई. मी शेतावर गेलो की दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची. एकटं बसणं काय असतं ते मला कळतं." तो हसला. "पहिल्या दिवशी तो थोरला नर तिच्याभोवती असा गोल गोल फिरला म्हणता! मी म्हटलं, सावकाश रे बाबा, पाय अधू आहे तिचा. आता पोट दिसायला लागल्यावर परत इकडे आणली. तुडवतील तिला."

मी मिस्कीला उचललं. ती ओळखीने माझा अंगठा हुंगू लागली. पोटात हाताला तीन पिल्लं लागली. मग मी मागे खालच्या अंगाला बोट लावलं. तिथे हाडाला फट असते. व्यायची वेळ जवळ आली की ती रुंदावत जाते, बोट आत बसतं. मिस्कीचं हाड सलग होतं. दगडासारखं.

आमच्या आईने हे आम्हा दोघी बहिणींना लहानपणीच बोट धरून दाखवलं होतं. मादीचं पहिलं बाळंतपण ती कोवळी असतानाच व्हायला हवं. सात-आठ महिने उलटले की हाड जुळतं, आणि मग पिल्लांना बाहेर यायला वाटच राहत नाही. मिस्कीचा पाय बरा होण्यातच ते महिने निघून गेले होते. म्हणून कासिमिराने तिला नरापासून दूर ठेवलं होतं. मिस्की तेव्हा दोन वर्षांची होत आली होती. इलारिओला हे कुणी सांगितलं असतं? बायकांनी पुरुषांना सांगण्यातलं ते नव्हतंच, आणि विचारणाऱ्यांतला तो नव्हता.

"किती आहेत?" त्याने विचारलं.

"तीन," मी म्हटलं.

"तीन!" त्याने टोपी काढून परत घातली. "नेलीला सांगतो."

नेली त्यांची मुलगी, लिमाला असते. त्याने तिथल्या तिथे फोन लावला. "अगं, आपल्याकडे बाळंतपण आहे! तुझ्या आईच्या मिस्कीचं. हो. तीन! मावशीने बघितलं." पलीकडे नेली आधी हसली आणि मग रडायला लागली, ते मला उभ्या जागी ऐकू आलं. मी तोंड उघडलं नाही. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, कधी कधी वाचतातही. खालच्या आळीतल्या एकीची वाचली होती म्हणे. आणि सांगून तो तरी काय करणार होता? अशी कारणं मी रोज एक शोधली. तो जवाचं मऊ काड आणून खोपट्यात पसरायचा, त्यातली टोचणारी कुसळं एकेक करून वेचायचा, आणि मी दारात उभी राहून म्हणायचे, "छान केलंस."

दहाव्या दिवशी सकाळी त्याची हाक आली. मिस्की कळा देत होती. मान वर करून जोर करायची, मग कुशीवर पडायची. मी तेल कोमट करून लावलं, पोट चोळलं. दोन तास गेले. थोडं रक्त आलं, पिल्लू आलं नाही. तिची शीळ आता शिळेसारखी राहिली नव्हती. दार घासल्यासारखा आवाज येत होता.

"ताई, काहीतरी करा ना. तुम्हाला येतं."

"नाही येत रे मला हे."

"मग तालुक्याला जनावरांचा डॉक्टर आहे. तो गायीला कापून वासरू काढतो, मी पाहिलंय."

गाडी सकाळीच निघून गेली होती. त्याने कासिमिराची शाल घेतली, मिस्कीला तीत गुंडाळून छातीशी बांधलं आणि चालायला लागला. मी मागे. रस्ता सगळा चिखल. तो एक हात शालीखाली घालून चालत होता आणि सारखं बोलत होता. "पूल आला बघ. पूल ओलांडला की निम्मं झालं."

पुलावर गावातला लाद्रो भेटला, लाकडं घेऊन येत होता. तोंडाळ माणूस. शालीतून नाक दिसलं त्याला.

"काय इलारिओ, कुणाच्या लग्नाला? एकच घेऊन चाललास? अरे, नवरीच्या आईलाही पुरायची नाही!"

इलारिओला ऐकूच आलं नाही. तो पुढे गेला. मी लाद्रोला असं काही बोलले की त्याने डोक्यावरची लाकडं खाली ठेवली. काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

निलगिरीच्या झाडांपाशी चढ सुरू होतो. तिथे इलारिओ थांबला. शालीत वाकून पाहिलं, तिच्या हनुवटीखाली बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"ताई, बघा हो जरा. माझ्या हाताला थंडीने काही कळत नाहीये."

मी हात घातला. ती अजून गरम होती, पण गेली होती. पोटावर हात ठेवला तर आत एक पिल्लू हललं. मग तेही थांबलं. ते मी त्याला तेव्हा सांगितलं नाही आणि पुढेही कधी सांगणार नाही.

तो रस्त्याच्या कडेला बसला. मीही बसले. वरून एक बाई मेंढ्या घेऊन आली, आमच्याकडे बघून वळसा घालून गेली.

"तुम्हाला माहीत होतं का, ताई?" त्याने विचारलं. माझ्याकडे न बघता.

"हो."

"केव्हापासून?"

"आले त्याच दिवशी हाताला कळलं." मग मी त्याला सगळं सांगितलं. हाडाचं, आईने दाखवलेलं, कासिमिराने तिला वेगळं का ठेवलं होतं ते. तो ऐकत होता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"म्हणजे एकटी ठेवली होती ती यासाठी," तो म्हणाला. "मला वाटायचं, कासिमिरा विसरली तिला सोडायला. म्हटलं, तिचं राहिलेलं काम आपण करू." मग म्हणाला, "सांगायचं होतंत, ताई. वाचली नसती, मला कळतं. पण निदान दहा दिवस मी हसत तरी फिरलो नसतो."

मी शालीचं सुटलेलं टोक ओढून मिस्कीवर घातलं.

आमच्याकडे मेलेली कुई कुणी पुरत नाही. त्याने पुरली, शेताच्या वरच्या बांधाला, शालीसकट. शाल कासिमिराची चांगल्यातली होती, लग्नात आमच्या आईने दिलेली. मी अडवलं नाही. गावात दोन दिवस हसणं झालं. लाद्रो मात्र हसला नाही, उलट एक भारा लाकडं इलारिओच्या दारात टाकून गेला.

चौथ्या दिवशी नेलीचा फोन आला. "बाबा, किती झाली? फोटो पाठवा ना!" त्याने फोन कानाला धरून ठेवला आणि मग माझ्या हातात दिला. ते सांगायचं काम तरी मी केलं.

महिन्याभरात तो उरलेल्या कुया पोत्यात घालून माझ्याकडे घेऊन आला. तोवर त्या त्याला भ्यायच्या थांबल्या होत्या. पोत्याचं तोंड सोडलं तरी त्याच्याच पायांशी घुटमळत राहिल्या.

"तुम्ही ठेवा. तुम्हाला कळतं."

"मी शिकवते ना तुला. काही अवघड नाही."

"शिकवाल तुम्ही," तो म्हणाला, "पण मी विचारायला हवं होतं ते कासिमिराला." आणि पोतं झटकून, घडी घालून काखेत मारून निघाला.

आता त्याच्या स्वयंपाकघरात चूल पेटत नाही. दुपारचा तो माझ्याकडे जेवतो. सूपचा वाडगा हातात घेतो आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसतो, पाऊस असला तरी. आत चुलीपाशी त्या कुया फिरत असतात; तिकडे ये म्हटलं की म्हणतो, "इथे बरंय, ताई." जेवण झालं की वाडगा धुऊन उंबऱ्यावर पालथा घालतो आणि शेताच्या त्या वरच्या बांधाकडे जातो.