आडवाट्या कड्यावर लटकतो

किल्ले आणि राक्षसांच्या त्या खेळाची नवी आवृत्ती निघाली आणि गावातल्या खेळणाऱ्यांत एकच हलकल्लोळ माजला. निम्म्यांनी पुस्तक न उघडताच त्याला नावं ठेवली, उरलेल्या निम्म्यांनी न वाचताच ते डोक्यावर घेतलं. खेळांच्या दुकानदाराने दोन्ही बाजूंचं म्हणणं मान डोलावत ऐकून घेतलं आणि दोघांनाही पुस्तक विकलं. या पुस्तकाला हात लावणार नाही म्हणणाऱ्यांनीही ते घेतलं, का तर शिव्या तरी अभ्यास करून द्याव्यात.

दातांच्या डॉक्टरणीच्या घरी मात्र वादच झाला नाही, कारण तिथे खेळ चालवायच्या तिच्या सासूबाई. गोष्ट रचायची त्यांनी, राक्षस अंगावर सोडायचे त्यांनी, आणि बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन वीस बाजूंचा फासा टाकत जीव वाचवायचा. बाईंनी नोकरीभर दुकानांतली वजनं-मापं तपासली होती. त्या निवृत्त झाल्या, पण खोड काही निवृत्त झाली नाही. नवा फासा घरात आला की त्या आधी तो मिठाच्या पाण्यात तरंगवून बघत आणि एका अंगाला झुकला की थेट कचऱ्यात टाकत.

"नियम बदलला म्हणजे बदलला," त्या म्हणाल्या. "काल हे माप चालत होतं म्हणून आज चालेलच असं नाही."

आणि नव्या नियमांत वाटाड्याच नव्हता. योद्धे होते, जादूगार होते, वैदू होते, पण वाटाड्या हा पेशाच कुणीतरी उडवून टाकला होता. घरचा रिवाज असा की जे पात्र नव्या आवृत्तीत नेता येत नाही, त्याला सगळ्यांसमोर, फाशाच्या कौलाने, रीतसर मरण द्यायचं. मागच्या आवृत्तीच्या वेळी सासूबाईंनी पोटच्या पोराच्या, म्हणजे भाऊजींच्या, गारुड्याला पहिल्याच फटक्यात पोचवलं होतं. भाऊजी एवढे बाप्ये, दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दुरुस्तीचं काम करणारे, पण त्या दिवशी जेवले नव्हते.

डॉक्टरणीचं पात्र म्हणजे आडवाट्या, आणि तो नेमका वाटाड्या होता. तोंडाळ, खडूस, सरळ रस्ता सोडून काट्याकुट्यांतून नेणारा म्हातारा. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिचं आणि सासूबाईंचं बोलणं "जेवलात का?" आणि "जेवले" याच्यापुढे जातच नव्हतं. मग सासूबाईंनी तिला खेळायला बसवलं. खेळात त्यांची एक खानावळवाली म्हातारी होती. पहिल्याच दिवशी आडवाट्या तिला म्हणाला, "म्हातारे, तुझं सूप खारट झालंय." सासूबाईंनी घरी केलेलं सूपही त्या दिवशी खरोखरच खारट झालं होतं. सासूबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. तेव्हापासून त्या दोघींना जे काही बोलायचं असेल ते आडवाट्या आणि म्हातारी बोलत. टेबलावरून उठलं की पुन्हा "अहो आई". आडवाट्या गेला की ते बोलणंही जाणार, या विचाराने डॉक्टरणीला चार दिवस घास गोड लागत नव्हता.

आडवाट्याच्या मरणाच्या दिवशी शेजारचा कुलूपवालाही आला. तो जादूगार खेळायचा आणि खेळात एकही कुलूप धड न उघडता दारं उडवून द्यायचा. दिवसभर नाजूक हाताने काम केल्यावर एवढं तरी पाहिजेच, असं त्याचं म्हणणं.

"पंधरा किंवा त्याच्या वर पडले तर वाचला," सासूबाईंनी जाहीर केलं. "खाली पडले तर गेला."

त्यांनी आधी पूल तोडला. डॉक्टरणीने टेबलावरच्या डब्याच्या झाकणात फासा टाकला. एकोणीस. आडवाट्या दोराला लोंबकळत पलीकडे पोचला, डोक्यावरची टोपीही शाबूत. मग त्यांनी आग ओकणारा राक्षस सोडला. वीस पडले आणि राक्षसाला उचकी लागली. मग विष पाजलं. अठरा. विष तर पचलंच, वर आडवाट्याचं जुनं पित्तही गेलं. भाऊजी हसता हसता खुर्चीवरून घसरले. कुलूपवाला चष्मा काढून डोळे पुसत राहिला.

"म्हातारे," डॉक्टरण आडवाट्याच्या आवाजात म्हणाली, "तुझ्याच्याने हे व्हायचं नाही."

"शेवटचं," सासूबाई म्हणाल्या. "कड्याचा दगड सुटला."

फासा डब्याच्या झाकणात गरगरला आणि थांबला. दोन.

कुणी काही बोलायच्या आत सासूबाईंचं कोपर झाकणाला लागलं आणि फासा जमिनीवर गेला.

"टेबलाखाली गेलेला फासा धरत नाहीत. पुन्हा टाक."

डॉक्टरणीने त्यांच्याकडे पाहिलं. सासूबाई म्हणजे भरल्या कपातला थेंब न सांडणारी बाई. डॉक्टरणीने पुन्हा फासा टाकला. तीन. पुन्हा कोपर.

"आई, कोपर," भाऊजी म्हणाले.

"टेबल अरुंद आहे."

"माझ्या गारुड्याच्या वेळी रुंद होतं वाटतं."

पुढच्या वेळी चार पडले आणि कुलूपवाल्याचा गुडघा खालून टेबलाला असा बसला की कप नाचले. त्याच्या पुढच्या वेळी सहा पडले, आणि गारुड्याचं दुःख गिळून भाऊजी एवढ्या जोरात शिंकले की झाकणच उडालं. डॉक्टरणीचा नवरा कधी खेळत नसे. तो दारातून डोकावला.

"भूकंप झाला का?"

"तू आत जा," सासूबाई म्हणाल्या.

पुन्हा फासा पडला. सात. आता सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण सबबी संपल्या होत्या. तेव्हा डॉक्टरणीने हात पुढे केला आणि सरळ एक टिचकी मारली. फासा भिंतीवर आपटला आणि मोठ्या कपाटाखाली दिसेनासा झाला.

सासूबाईंनी पाठ ताठ केली. असा चेहरा त्या पूर्वी खोटी वजनं जप्त करताना करत असणार.

"फासा गहाळ. सापडेपर्यंत निकाल राखून ठेवला आहे."

"आणि आडवाट्या?" कुलूपवाल्याने विचारलं.

"लटकू दे कड्यावर."

"लटकलेल्या माणसाला बोलता येतं का?" डॉक्टरणीने विचारलं. आवाज तिचा स्वतःचाच होता, आडवाट्याचा नव्हता.

सासूबाईंनी नवं पुस्तक पुढे ओढलं, उगाच दोन पानं चाळली आणि मिटलं.

"मनाई केलेली दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरण दवाखान्यात निघाली तेव्हा सासूबाई केर काढत होत्या. रोज त्या सगळ्या कपाटांखाली ओणव्या होऊन कोपरान् कोपरा झाडायच्या. आज केरसुणी मोठ्या कपाटापर्यंत आली, थबकली आणि वळसा घालून पुढे गेली. डॉक्टरणीने एक चप्पल घातली होती, दुसरी तशीच राहिली. समोर टेबल नव्हतं, झाकण नव्हतं, कुणीच खेळत नव्हतं.

"कपाटाखालचं राहिलं, म्हातारे," ती म्हणाली.

सासूबाईंनी वर पाहिलं नाही. पण त्यांचे खांदे हसायला लागले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "निकाल राखून ठेवलाय."