शिवणीतली माया

“अगं, सुई ओवतेस की सुईला मागणी घालतेस?”

आत्याचा आवाज. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला सवय, त्यामुळे शब्द दातांच्या फटीतून गाळून यायचे, आणि तरी मशीनच्या खडखडाटावर चढून ऐकू यायचे. आत्याला जाऊन बरीच वर्षं झाली. पण शिवणवालीच्या हातून दोरा नेढ्याच्या बाजूने निसटला की अजूनही तो आवाज पाठीमागून येई, आणि चाळिशीला टेकलेली ती बाई मान खाली घालून परकरी पोरीएवढी होई. आत्या मग स्वतःच गाणं जुळवून म्हणायची,

सुईबाई सुईबाई, उघड तुझं दार,
दोरा आला पाहुणा, थकलाय फार.

आज दोरा पुन्हा पुन्हा निसटत होता.

दुकान म्हणजे घराचीच खालची खोली. रस्त्याकडे उघडणारं दार, दारालगत उजेडात मशीन, मधोमध कापायचं लांब टेबल, भिंतीला आरसा आणि कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडद्याचा आडोसा. वर जायला लाकडी जिना. वरच्या खोलीत मुलगी बसली होती आणि तिथून काही म्हणजे काही आवाज येत नव्हता. बापाने लाडाने तिचं नाव टाचणी ठेवलं होतं. अंगाने तशीच, आणि कुठूनही उचला, टोचणारच. ती टाचणी परवापासून टोचत नव्हती.

परवा मोठ्या शाळेच्या प्रवेश परीक्षेचा निकाल आला होता. नदीपलीकडे टेकडीवर ती शाळा. तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं, घरी यायचं ते सुट्टीपुरतं. टाचणीने वर्षभर अभ्यास केला तो याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून. इकडे कात्री चालायची, तिकडे पेन्सिल. मध्येच एखादी चिंधी उडून वहीवर पडली की ती न बघता फुंकर मारायची.

निकाल बापाच्या फोनवर आला. ‘निवड झालेली नाही.’ बापाच्या खांद्यावरून शिवणवालीनेही तो वाचला. टाचणीने फोन हातात घेतला, वाचला, परत दिला आणि म्हणाली, “जेवायला काय आहे?”

रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या पोराला जवळ घेता येतं. जेवायला काय आहे विचारणाऱ्याला जेवायलाच वाढावं लागतं.

बाप बस चालवायचा. दुपारच्या फेरीनंतर जेवायला घरी आला की तो लेकीचं बोट धरून तिला खाली आणायचा. आजही आणलं.

“टाचणे, एक बस चुकली म्हणून काय कुणी स्टॉपवरच संसार मांडतं? मागून दुसरी येते.”

“बाबा, ती परीक्षा एकदाच देता येते.”

“मग... मग रिक्षा.”

टाचणी हसली नाही. ताट उचलून तिने स्वतःच विसळलं आणि वर गेली.

“सगळ्या जगाला तुमचं इंजिनच लागतं का हो उदाहरणाला?” शिवणवाली म्हणाली.

“मला दुसरं काय येतं? तू बोल की मग. तुझी जीभ कात्रीसारखी चालते एरवी.”

“चालते ती गिऱ्हाइकांपुढे.”

“मग तिला गिऱ्हाईक समज.” तो हात पुसत उठला. दारात थांबून हळूच म्हणाला, “मला भीती वाटते गं. ही अशी गप्प राहायला शिकली, तर पुढे आपल्याला काहीच सांगणार नाही.”

तीच भीती तिलाही होती. गप्प बसणं एकदा अंगवळणी पडलं की ते अंगाबरोबर वाढतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण बोलायचं काय? तिच्या मनात एक गोष्ट होती, निकाल वाचल्या क्षणापासून होती, आणि ती तोंडात धरलेल्या टाचणीसारखी बसली होती. गिळता येत नव्हती, काढून दाखवायची हिंमत नव्हती.

बाप गेला आणि कोपऱ्यावरची औषधवाली आली. काखेत निळ्या कापडाचा गठ्ठा.

“बाई, आधी तोंड गोड करा. आमच्या बाळूचं झालं बरं का मोठ्या शाळेत. अभ्यासाच्या नावाने बोंब, पण झालं बाई कसंतरी. गणवेश तुम्हीच शिवायचा. त्याचा जुना शर्ट आणलाय मापाला, अंगावर माप घ्यायला तो मेला उभा राहील तर शपथ.” तिने खडीसाखरेची पुडी टेबलावर ठेवली. “आणि तुमच्या हिचं तर काय, झालंच असेल. हुशार पोर.”

शिवणवालीने टेप गळ्यातून काढला, पुन्हा गळ्यात घातला. जिन्यावर पाऊल वाजलं. टाचणी पाण्याचा तांब्या न्यायला खाली आली होती.

“नाही झालं, काकू,” ती म्हणाली. “मी नापास झाले.”

“नापास नाही गं,” शिवणवाली घाईने म्हणाली. “निवड नाही झाली. जागा कमी असतात.”

“बाळूला मिळाली ना जागा?”

औषधवालीचा हात खडीसाखरेच्या पुडीकडे गेला, परत आला. दिलेलं परत घ्यावं की राहू द्यावं, तिला कळेना. शेवटी तिने टाचणीच्या केसांवरून हात फिरवला, “देव काहीतरी बरंच करतो,” असं काहीतरी पुटपुटली, आणि पायात चपला नीट न अडकवताच बाहेर पडली.

शर्ट कुठे ठेवावा म्हणून शिवणवालीने पडदा बाजूला केला. आपण काय करून बसलो ते तिला पडदा सरकल्यावर कळलं. आत खुंटीवर निळा फ्रॉक टांगलेला होता. पांढरी कॉलर, बगलेत चुणी, कमरेला पट्टा. मोठ्या शाळेचा.

“हा कुणाचा?” टाचणीने विचारलं.

शिंप्याच्या घरात माप बोलतं, तिथे खोटं टिकत नाही. “तुझा.”

“कधी शिवलास?”

“परीक्षेच्या आधी.”

दुसऱ्या कुठल्या घरी ही चूक झाली नसती. दुसऱ्या घरी पेढे उशिरा आणले असते, बॅग उशिरा घेतली असती. पण इथे त्या शाळेच्या कुणा मुलाचं कापड आलं होतं, त्याच ठाणातलं थोडं जास्तीचं मागवता आलं, आणि शिवणवालीच्या हातांनी तिला न विचारताच कात्री चालवली. हातांना वाटलं, आता कापलं नाही तर पुढच्या ठाणाचा रंग जुळायचा नाही.

टाचणीने फ्रॉकच्या बाहीला बोट लावलं. मग बोट मागे घेऊन, तांब्या न घेताच ती वर निघून गेली.

शिवणवाली मशीनवर बसली, पण तिने पाय पायडलवर ठेवला नाही.

आत्याकडे ती स्वतः गेली तेव्हा टाचणीएवढीच होती. घरात भावंडं फार, आई सतत आजारी. “आत्याकडे जा, शिवण शिक, शाळाही तिकडेच कर,” असं ठरलं. कुणी वाईट नव्हतं. आत्या तर सोन्यासारखी बाई. पण पहिल्याच दिवशी, दिवे लागायच्या वेळेला, मशीन थांबलं आणि तिची नजर दाराकडे गेली. आता घरी माझ्या जागेवर कोण बसलं असेल? आत्याने तिच्याकडे पाहिलं, सुया आणि रिळं पुढे सरकवली आणि म्हणाली, “रडायचं असेल तर सुया ओवताना रड. कुणी विचारलं तर म्हणावं, नेढं बारीक आहे, डोळ्यांत पाणी येतं.”

त्या सुया तिने किती ओवल्या असतील! आत्याला म्हणे कधी सुई ओवावी लागलीच नाही त्या काळात. घरच्यांनी विचारलं की ती सांगायची, मजेत आहे. मजेत होतीही. आत्याची गाणी, गिऱ्हाइकांच्या नकला, उरल्यासुरल्या तुकड्यांच्या बाहुल्या, दुपारी टेबलाखाली कापडाच्या ढिगावर लागलेली झोप. पण दिवे लागायची वेळ तिने कधी कुणाला सांगितली नाही.

आणि आत्याचा दुसरा नियम होता, शिवायला नंतर शिकायचं, उसवायला आधी. “शिवताना माणूस बोलत नाही,” ती म्हणायची, “पुढचा टाका बघत असतो. उसवताना बोलतो.”

शिवणवाली उठली, जिन्याखाली उभी राहिली.

“टाचणे, खाली ये. एक काम आहे.”

“काय?”

“उसवायचंय.”

वर खुर्ची सरकली. मग पावलं.

दोघी टेबलाच्या एकाच बाजूला बसल्या, मध्ये निळा फ्रॉक उलटा करून पसरलेला. शिवणवालीने तिला बारीक कात्री दिली. “एक टाका काप, दोन सोड, एक काप. मग या बाजूचा दोरा ओढ. आपोआप येतो.”

“फाटलं तर?”

“फाटू दे.”

पहिला दोरा टाचणीने असा ओढला की कापडाला सुरकुती पडली. शिवणवाली आत्याच्या चालीवर गुणगुणली,

टाका होता शहाणा, टाका होता वेडा,
ओढू नका रागानं, हळूच त्याला सोडा.

“हे आता केलंस?”

“आत्याचं आहे. यमक जुळावं म्हणून ती कुणालाही आदर द्यायची. ‘सोडा’ काय, ‘ओढू नका’ काय. मी एवढीशी होते.”

टाचणीच्या ओठाची एक कड हलली. मग ती खरंच हळू उसवू लागली. कॉलर सुटली, बाह्या सुटल्या. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. टाचणी खाली बघतच बोलली.

“शेवटची दोन गणितं मला येत होती. वेळ संपला.”

“हं.”

“बाळूला ती येतच नव्हती. त्याने बाहेर आल्यावर सांगितलं. मग त्याचं कसं झालं?”

“मला नाही माहीत गं.”

“तू म्हणणार, नशीब.”

“मी कुठे काय म्हणतेय? मी उसवतेय.”

टाचणीने पुढचा टाका कापला. मग एक थेंब निळ्या कापडावर पडला आणि गडद होऊन पसरला. शिवणवालीने पाहिलं नाही असं दाखवलं. आणखी पडले. टाचणीने नाक बाहीने पुसलं, स्वतःच्या नव्हे, फ्रॉकच्या सुटलेल्या बाहीने, आणि दोघींच्याही ते लक्षात आलं.

“असू दे,” शिवणवाली म्हणाली. “नाहीतरी कुणाची आहे ती?”

मग खालची कड आली. टाचणीने तिथला टाका कापला, आणि आतून दुमडलेलं कापड एकदम बाहेर लोंबलं. तिने आणखी कापलं, आणखी सुटलं. वीतभर कापड आत घडी घालून बसलं होतं. बगलेची, खांद्याची शिवण उसवली तर तिथेही तसंच.

“एवढं कापड आत कशाला कोंबलंस?”

“त्याला माया म्हणतात.”

“कशाला?”

“शिवणीत जास्तीचं सोडतो ना आपण, त्याला. वाढत्या अंगाला माया सोडावी लागते. अंग वाढलं की टाका उसवून थोडी सोडायची. बाळूच्या शर्टात बघ, बोटभर आहे.”

“मग माझ्यात वीतभर का?”

शिवणवालीने सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. टाचणी कापडाची पट्टी बोटांनी मोजत होती, मुलं मोजतात तशी ओठ हलवत.

“म्हणजे हा एकच फ्रॉक मला तिथून मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत पुरला असता,” ती म्हणाली. “सगळी वर्षं.” तिने मान वर केली, आणि परवापासून हरवलेलं टोक एकदम लागलं. “तू मला सगळी वर्षं तिकडे ठेवायचं आधीच ठरवलं होतंस. मी परीक्षा द्यायच्या आधीच. आणि आता मी इथेच राहणार, तुझ्या टेबलाशी, म्हणून तू दोन दिवस असं तोंड करून बसलीयेस.”

“असं नाही.”

“मग कसं? बाबा तरी काहीतरी बोलतात. बस म्हणतात, रिक्षा म्हणतात. तू काहीच नाही बोललीस. निकाल वाचलास आणि तोंड फिरवलंस. मी बघितलं.”

बाहेर उजेड उतरू लागला होता. समोरच्या दुकानातला दिवा लागला. शिवणवालीने कात्री मिटून बाजूला ठेवली. तिच्या हाताला काहीतरी काम हवं होतं, पण उसवायला आता काही उरलं नव्हतं. फ्रॉकचे सगळे तुकडे सुटे होऊन टेबलावर पडले होते.

“तोंड फिरवलं कारण तुला दिसू नये म्हणून,” ती म्हणाली.

“काय दिसू नये?”

“निवड नाही झाली असं वाचलं ना मी, तेव्हा तुझ्याकडे बघायच्या आधी, अगदी डोळ्याचं पातं लवतं तेवढा वेळ, मला बरं वाटलं. तू हरलीस याचं नाही गं, ते मला अजून टोचतंय. संध्याकाळी दिवे लागतील तेव्हा तू घरी असशील, याचं बरं वाटलं. तू पास व्हावीस म्हणून मी देवाला छळलं, आणि तू जाऊ नयेस असंही मला वाटत होतं, रोज, कापड कापतानासुद्धा; म्हणूनच ती माया बोटभराची वीतभर झाली. दोन्ही खरं होतं. तुला सांगायची लाज वाटत होती.”

टाचणीने त्या वीतभर मायेची घडी घातली आणि सरकून आईच्या अंगाला टेकली.