कर्ण्यापुढं उभी राहिलेली पोर

हॅलो... हॅलो... येतोय का आवाज मागच्या मंडळींना? ऐका तर मग. मी जवाहरअण्णांच्या दुकानातला कर्णा बोलतोय. कोणी मला भोंगा म्हणतात; म्हणू देत. तोंड पत्र्याचं का असेना, पण मोठं आहे आणि ते मिटून बसायची मला सवय नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते सांगलीजवळच्या या गावात आलो तेव्हापासूनचं. एसटी स्टँडाशेजारी अण्णांचं मंडप-स्पीकरचं दुकान आहे. लग्न असो, बारसं असो, कुस्त्यांचं मैदान असो, सगळीकडं मीच. हरवलेल्या म्हशी मी शोधून दिल्यात. पुराच्या वर्षी तीन दिवस घसा फोडून नदीकाठच्या लोकांना शाळेत बोलावत होतो. मग डीजे आले आणि मी माळ्यावर जायला लागलो. त्या धडधडणाऱ्या डब्यांचा मला मनस्वी राग येतो. मेल्यांना एक शब्द धड बोलता येत नाही!

असो. गोष्ट माझी नाही, संयूची आहे.

एका हळदीला अण्णांनी मला खांबाला बांधण्याआधी खाली ओट्यावर ठेवलं होतं. वायर जोडताना माझ्या तोंडातून अशी किंचाळी निघाली की जेवणारी माणसं दचकली, कुत्री पळाली, एका तान्ह्यानं भोकाड पसरलं. माझ्या अगदी पुढ्यात दोन वर्षांची एक पोर मातीत खेळत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. पुढं गाणं लागलं, तेव्हा ती सहज उठून आली आणि तिनं माझ्या तोंडावर तळवा ठेवला. पत्र्याची थरथर हाताला लागली तशी खुदकन हसली. ती संयोगिता, रूपालीची मुलगी. घरात तिला सगळे संयू म्हणायचे.

अण्णांनी ते पाहिलं. मला बंद करून त्यांनी रूपालीला बाजूला बोलावलं.

"पोरी, हिला ऐकू येतं का बघ गं."

"आवं अण्णा, काही पोरं उशिरा बोलत्यात. सासूबाई म्हंत्यात, हिचा बा बी चार वर्सांचा झाल्यावर बोलला."

"बोलण्याचं न्हाई इचारत मी. माझा कर्णा हिच्या कानाशी बोंबलला, आन् ही वळली न्हाई."

रूपालीचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पोरीला घेऊन सांगलीच्या एसटीत बसली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. ऑपरेशन करून यंत्र बसवलं तर ऐकू येईल, बोलायलाही शिकेल. पण उशीर नको. पोर जसजशी मोठी होईल, तसतसं बोलणं अवघड होत जाईल. सांगलीतली एक संस्था अशा मुलांची ऑपरेशनं करून देते, पुढं बोलायलाही शिकवते. पण ती चालते लोकांच्या देणगीवर, आणि तिच्या यादीत संयूसकट सहा मुलं थांबलेली होती.

त्याच महिन्यात देवळापुढं जत्रेची बैठक भरली. माईकला मी होतोच. तरुण मंडळाचा अध्यक्ष राजवर्धन यंदा पुण्याहून मोठा डीजे आणायचा म्हणून हट्टाला पेटला होता.

"आवाज पार सांगलीपतोर गेला पायजे!" तो म्हणाला. टाळ्या पडल्या. माझा जीव जळाला.

तेवढ्यात बायकांमधून रूपाली उठली. जत्रेच्या बैठकीत आमच्याकडं बाई कधी बोललेली नव्हती. अण्णांनी मुकाट्यानं माईक तिच्या हातात दिला. शब्दांच्या आधी तिचा धापा टाकणारा श्वासच माझ्यातून बाहेर पडला.

"राजूभावजी, तुमचा आवाज सांगलीपतोर जाईल, पण माझ्या पोरीपतोर जाणार न्हाई. ती हितं म्होरंच बसलीया. मी एकटीच्या पोरीसाठी मागत न्हाई. अशी सहा पोरं हायती. डीजेचं पैसं त्यास्नी द्या."

राजवर्धननं संयूकडं पाहिलं. एवढी भरलेली बैठक, आणि ती आपली त्याच्या चपलेशी खेळत बसलेली. त्यानं उठून माईक घेतला.

"डीजे रद्द! अण्णा, आपला कर्णाच लावा. आन् मंडळी, आता खिशात हात घाला."

शाब्बास रं गड्या! खरं सांगतो, मला पहिला आनंद झाला तो डीजेची जिरली याचा. मग माझीच मला लाज वाटली.

ती जत्रा मी विसरणार नाही. तीन दिवस देणगीदारांची नावं पुकारत होतो. बस्तीतल्या, म्हणजे जैन देवळातल्या, चंदनबालाकाकूंच्या महिला मंडळानं आपली सहल रद्द करून तो पैसा दिला. कुस्ती जिंकलेल्या पैलवानानं इनाम तिथंच आखाड्यात देऊन टाकलं. सुभेदार हंबीरराव पैसे देऊन चहाला गेले आणि परत येऊन भांडायला लागले, "माझं नाव मला ऐकू आलं न्हाई. परत पुकारा!"

"परत द्या मग," अण्णा म्हणाले.

आणि सुभेदारांनी परत दिले! आपलं नाव ऐकायची माणसाला केवढी हौस. मी हसायचो पूर्वी. आता नाही हसत. त्या हौसेतूनच सहा लेकरांना आपापली नावं ऐकू येणार होती.

संयूचं ऑपरेशन झालं. कानामागं यंत्र आलं. पण ऐकायला लागलं म्हणजे लगेच बोलता येतं, असं नसतं. दर आठवड्याला रूपाली तिला सांगलीला नेई आणि घरी एकेक शब्द शंभरदा म्हणून दाखवी. दीड वर्ष गेलं. पोरीच्या तोंडून एक शब्द फुटेना. रूपाली थकली, पण थांबली नाही. धन्य त्या बाईची!

यंदाच्या जत्रेला अण्णांनी मला पुन्हा ओट्यावर ठेवलं. वायर जोडली आणि मी नेहमीसारखा किंचाळलो. पुढं उभी असलेली संयू टाणकन उडाली! दोन्ही हात कानांकडं गेले, डोळे भरले. मग ती रागानं माझ्यापुढं आली आणि तोच तळवा तिनं माझ्या तोंडावर दाबून धरला.

"बास!"

अण्णांनी झटकन बटण बंद केलं. रूपाली धावत आली. "काय म्हनलीस? काय म्हनलीस, बाळा?"

"बास!" संयू आणखी जोरात म्हणाली.

रूपाली तिथंच मातीत बसली आणि पोरीला पोटाशी धरून रडली. राजवर्धन तोंड फिरवून उगीचच दोऱ्या आवळत राहिला. जन्मभर मला पुष्कळांनी गप्प बस म्हणून दटावलं, दर वेळी राग आला. त्या दिवशी मात्र माझ्या पत्र्याचं सोनं झालं.

मंडळी, एवढंच मागतो. माझा आवाज बेताचा ठेवा. आणि माझ्यापुढं उभं राहूनही एखादं लेकरू वळलं नाही, तर बोलेल उशिरा म्हणून घरी बसू नका.

आणखी पुष्कळ सांगितलं असतं. पण ती बघा, संयू अंगणवाडीतून निघाली, दुकानाकडंच येतेय. बास म्हणाली, तर बास.