ताड लागला

“पुन्यांदा वाचा, मास्तर,” येसाजी तांडेल म्हणाला.

तुकाराम मास्तरांनी चार दिवसांचा शिळा, पावसात भिजलेला पेपर पुन्हा डोळ्यांपुढे धरला. सन बत्तीसचा पाऊस धरून होता, मचवे किनाऱ्यावर ओढून ठेवलेले होते आणि किहीमजवळच्या त्या कोळीवाड्यात जाळी विणण्याशिवाय कुणाला काम नव्हते. मास्तरांनी वाचले. विलायतेत आपला पहिला कसोटी सामना झाला. कप्तान म्हणून गेलेले महाराज स्वतःहून बाहेर बसले आणि एका खेळाडूने कप्तानी केली.

“उतरिवला कोनी त्याला?”

“कुणीच नाही. आपल्यापेक्षा दुसरा चांगला खेळतो, हे त्यांनीच ओळखलं.”

येसाजीला ते काही पटेना. क्रिकेट त्याला परके नव्हते. मासळी घेऊन मुंबईला गेला, की मैदानाकडेच्या झाडावर चढून तो सामने बघायचा, आणि झाडावरूनच कप्तानाला शिव्या घालायचा. पण कप्तान चुकला तरी कप्तानच. मचव्याच्या तांडेलाचेही तसेच. बत्तीस वर्षे सुकाणू त्याच्या हाती होते.

“आन् कप्तान बदलून जिंकले काय?”

“नाही. हरले.”

“बगा!” येसाजीने मांडीवर थाप मारली. “ऐकलं काय रं शिवदास?”

पुतण्या शिवदास जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला, “ऐकलं, काका.” बाकीचे खलाशी एकाएकी फार मन लावून विणू लागले.

घरी आल्यावरही येसाजीची गाडी थांबेना. बायको, नीराबाई, सुकी मासळी निवडत बसली होती.

“त्या शिवदासाच्या तोंडाला कुलूप न्हाय बग. सुकानू माज्या हातात, आन् हा बोंबलतो, काका, ताड लागला! मला दिसत न्हाय काय?”

बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक होता. किनाऱ्यावरचा एकटा ताड मागच्या कनकेश्वराच्या डोंगरमाथ्याला लागलेला, म्हणजे नेमका त्याच्या रेषेत आलेला दिसला, की सुकाणू वळवायचे. अलीकडे नाही, पलीकडे नाही. येसाजीच्या बापाने त्याला हे शिकवले होते. चैत्रात त्याने शिवदासला सगळ्यांदेखत झापले होते, “तुजे डोले तुज्यापाशी ठेव!” दुसऱ्या दिवशी शिवदास गप्प राहिला. नेमका त्याच दिवशी मचवा खडकाला घासला. येसाजीने खापर ओहोटीवर फोडले होते.

नीराबाईचा हात थांबला.

“तो कोनासाटी बोंबलतो, खरंच कललं न्हाय तुमाला?”

येसाजी बघत राहिला. म्हणजे तिच्या आवाजाकडे बघत राहिला. चूल पेटली असली तरी तिचा चेहरा त्याला नुसता तांबूस दिसत होता.

“दोन वर्सं सगले बोंबलतात. आदी धर्मा, आता शिवदास. माज्याकडं आले व्हते, काकी, काय करू? मीच बोलले, आपल्याला ठावं हाय ते त्यांना कलू देऊ नका. चैतात मचवा घासला, तवा सात जनांचे जीव व्हते तुमच्या हातात. मी त्या दिसापासून नीट जेवले न्हाय.”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आपली मूठ दोन वर्षे उघडीच होती आणि सगळा वाडा ती झाकल्याचे सोंग करत होता, हे येसाजीला कळले. त्याला भयंकर लाज वाटली. राग यायला हवा होता, तोही येईना.

तो उठला आणि पावसातच मास्तरांच्या ओटीवर गेला.

“मास्तर, आपले हरत व्हते, तवा तो म्हाराज काय करत व्हता?”

“पेपरात तसं काही नाही. पण बाहेर बसून बघत असतील.”

“बगायला तरी मिललं त्याला,” येसाजी म्हणाला आणि आला तसा परत गेला.

नारळी पौर्णिमेला त्यानेच समुद्राला नारळ वाहिला. दुसऱ्या दिवशी मचवे पाण्यात लोटले. हंगामाच्या पहिल्या फेरीला तांडेल आधी चढतो, सुकाणूला हात लावून कपाळी नेतो, आणि तो बसल्यावरच बाकीचे चढतात.

येसाजी चढला. सुकाणूला हात लावला, कपाळी नेला. मग दोरखंडांवरून पाय चाचपत तो थेट पुढच्या टोकाला गेला आणि किनाऱ्याकडे तोंड करून बसला.

खलाशी कमरेएवढ्या पाण्यात तसेच उभे. कुणी चढेना.

“काका,” शिवदास म्हणाला, “तुमची जागा मागं हाय.”

“व्हती,” येसाजी म्हणाला. “चड आता. पानी उतरतंय.”

शिवदास चढला. सुकाणूपाशी उभा राहिला, पण बसेना. शेवटी मागोमाग चढलेल्या धर्माने त्याला खांदा दाबून बसवले, तेव्हा बाकीचे चढले.

मचवा सुटला. येसाजीने किनाऱ्याकडे डोळे लावले. खाली करडे, वर जरा गडद करडे, एवढेच. खडक जवळ येत होता. पाण्याचा आवाज बदलला, तो मात्र त्याला बरोबर कळला.

आता ओरडायचे काही कारण नव्हते. सुकाणू ज्याच्या हाती, त्याचे डोळे शाबूत होते. तरी मागच्या टोकाकडून शिवदासची हाक आली.

“काका! ताड लागला!”

येसाजीने कपाळावर आडवा हात धरला, चांगले दोन श्वास तसाच ठेवला.

“दिसला रं,” तो ओरडला. “वलव!”

शिवदासने सुकाणू वळवले.