शिरीषाच्या पोटातलं सिमेंट

झाडवाला आला तो मेहुण्याला घेऊनच. मेहुण्याच्या खांद्यावर दोराचं वेटोळं, झाडवाल्याच्या हातात लाकडी हातोडा.

"हा वर चढतो, मी खालून हुकूम सोडतो," दारातच तो म्हणाला. "घरी ह्याच्या बहिणीपुढे तोंड उघडायची सोय नाही, म्हणून इथे हौस भागवून घेतो."

मेहुणा दोर सोडवायला लागला. हा विनोद त्याने रोज ऐकलेला असणार.

घरच्या सुनेला हसू आलं. कडेवरच्या दीड वर्षाच्या गोटीला सावरत ती म्हणाली, "फक्त छाटणी हं दादा. झाड राहिलं पाहिजे."

आठवड्यापूर्वी वाऱ्याने शिरीषाची एक फांदी ओट्यावरच्या पत्र्यावर आली होती. चांगली मांडीएवढी जाड. ती पडायच्या अर्धा तास आधीपर्यंत पत्र्याखाली गोटीचा पाळणा होता. तेव्हापासून नवऱ्याचं एकच पालुपद, "पाडून टाक एकदाचं." त्याचंही चूक नव्हतं. पण तो सकाळी कामाला जायचा तो दिवेलागणीला यायचा. आतल्या खोलीत दिवसभर कोण कशाकडे बघत पडलेलं असतं, ते त्याला काय ठाऊक!

आतल्या खोलीत सासरे होते. सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी त्यांचं डावं अंग गेलं, जीभही लुळी पडली. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाच्या ताब्यात आता फक्त उजवा हात उरला होता. पलंगाच्या दांडीवर एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, एवढंच बोलणं. मान कायम उजवीकडे, खिडकीकडे, शिरीषावर. त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई दर खेपेला सांगायच्या, "डावी बाजू विसरलेत बाबा. एकदा मान आपणहून भिंतीकडे वळली ना, की समजा गाडी रुळावर आली." मग सून रोज गोटीला भिंतीच्या बाजूला उभी करायची. गोटी शिरीषाची वाळकी शेंग खुळखुळ्यासारखी वाजवायची. वाजवून वाजवून दमायची. बाबा वळायचे नाहीत.

झाड म्हणजे बाबांचा जीव की प्राण. आठ वर्षांपूर्वी त्याच्या बुंध्याला मोठी ढोली पडली होती. आता हे जाणार, असं जो तो म्हणायला लागला. बाबांनी कुणाचं ऐकलं नाही. खडी, वाळू, सिमेंट कालवून ढोली गच्च भरली, वरून गिलावा केला, आणि थापीच्या टोकाने त्यावर सालीच्या रेघाही ओढल्या. पुढे दोन्ही बाजूंनी खरी साल चढत गेली. सून नवी नवरी म्हणून घरात आली, तेव्हा त्यांनी तिला आधी झाडापाशी नेलं होतं. "सांग बघू सूनबाई, माझं काम कुठे आहे?" तिला सापडलं नाही. केवढे हसले होते! "मेलेलं झाड उठवलंय मी."

झाडवाल्याने बुंध्यावर हातोडा मारला. ठण्ण.

"अंगाने भरलेलं दिसतंय."

तिच्या जिवात जीव आला. तो मागच्या बाजूला गेला, पुन्हा मारला. भद्द. त्याच्या कपाळाला आठी पडली. कमरेच्या कोयत्याचं टोक त्याने सालीत खुपसलं, तर ते लोण्यात जावं तसं मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर आला तो काळा ओला भुगा. खाली आणखी खरवडलं, तर करडा दगडासारखा तुकडा निघाला.

"सिमेंट? हे कुणी—"

"हळू!" ती पुढे झाली. "आत बाबा आहेत, त्यांना सगळं ऐकू येतं. आठ वर्षांपूर्वी त्यांनीच भरलंय."

झाडवाल्याने खिडकीकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "ताई, पोकळ ठेवलं असतं तर उभं राहिलं असतं हो. पोकळ झाडं वर्षानुवर्षं काढतात. झाड वाऱ्याने हलतं, सिमेंट हलत नाही. मधे फट पडते, पाणी शिरतं आणि आतच बसतं. आठ वर्षं कुजतंय हे."

"नुसत्या फांद्या हलक्या केल्या तर?"

त्याने हातोड्याने दाखवलं. बुंधा जिकडे कलला होता तिकडे दोनच गोष्टी होत्या. एक गोटीच्या पाळण्याचा ओटा, एक बाबांची खिडकी.

तिने गोटीला दुसऱ्या कडेवर घेतलं. गोटी तिच्या केसांशी खेळत होती.

"पाडा," ती म्हणाली. "पण सिमेंटचं नाव काढू नका. कीड लागली म्हणा."

"कीडच लागलीय. मेहुण्या, ऐकलंस?"

"कीड," मेहुणा म्हणाला.

ती आत जाऊन पलंगापाशी बसली. "बाबा, झाडाला कीड लागलीय. काढावं लागतंय."

दांडीवर दोन टिचक्या. मग पुन्हा दोन, जोरात.

"गोटी त्याच्याखाली झोपते ना, बाबा."

बाबांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने एक टिचकी आली. बारीक. ती खिडकी लावायला उठली तर मात्र लगेच दोन टिचक्या पडल्या. खिडकी उघडीच राहिली.

दुपारपर्यंत मेहुण्याने एकेक फांदी दोराने खाली सोडली. झोपलेलं मूल खांद्यावरून उतरवावं तशी. दोघं कुजबुजत काम करत होते. गोटी पडलेल्या शेंगा फ्रॉकात गोळा करत होती. शेवटी पुरुषभर बुंधा तेवढा उरला. सिमेंटच्या खालून, जमिनीलगत कापतो, झाडवाला हळूच म्हणाला. मग कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड वाट्या चढवून त्याने यांत्रिक करवत सुरू केली.

पण बाबांचं काम कधी अर्धवट नसायचं. करवत खाली गेली आणि किंचाळली. ठिणग्या उडाल्या, साखळी तुटून गवतात पडली, यंत्र बंद झालं. त्या शांततेत, कानांवर वाट्या तशाच ठेवून, झाडवाला घसा फोडून ओरडला,

"अरे मेहुण्या, मुळापर्यंत भरलंय रे! ह्या सिमेंटनेच खाल्लं झाड! नाहीतर काही झालं नसतं ह्याला!"

मेहुणा दोन्ही हातांनी खुणा करत होता. झाडवाल्याने वाट्या काढल्या. सुनेचा चेहरा पाहिला आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"ताई... कानावर हे होतं. मला वाटलं, मी हळूच बोललो."

ती आत धावली. झाड नसल्यामुळे खोलीत भसकन ऊन आलं होतं. औषधांच्या बाटल्यांवरची धूळ, चादरीवरचे डाग, सगळं उघडं पडलं होतं. बाबा खिडकीकडे बघत नव्हते. त्यांची मान वळली होती. डावीकडे, पार भिंतीला नाक लागेल इतकी.

"बाबा?"

टिचकी नाही. तिने त्यांचा उजवा हात उचलून दांडीवर ठेवला. ठेवला तसाच तो राहिला. गोटी पलंग आणि भिंतीच्या फटीत शिरली आणि आजोबांच्या तोंडापुढे शेंग वाजवू लागली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

बाहेर कुजलेलं लाकूड कोयत्यांनी तासून दोघांनी गाडीत भरलं. मागे उरला कमरेएवढा सिमेंटचा खांब, ढोलीच्या आकाराचा, थोडा कललेला. त्याच्या एका अंगावर थापीच्या रेघा अजून स्पष्ट होत्या.

"हे आमच्या हत्यारांचं काम नाही, ताई," निघताना झाडवाला खाली मान घालून म्हणाला. "ह्याला गवंडी लागेल."

पाच वाजता व्यायामाच्या बाई आल्या. दारातच थबकल्या.

"अगंबाई! मान वळली की! आपणहून?"

सून पाठमोरी होती. गोटीच्या मुठीतून शेंग सोडवत होती.

"हो," ती म्हणाली. "आपणहून."