शेजारचे दोन शब्द

डेइस. नाम. दिवसाचा डोळा. सकाळी उघडतो, संध्याकाळी मिटतो.

चूक. धडधडीत चूक. आणि कोशकार दोनदा ती ऐकून मान डोलावत पुढे गेला होता.

इंग्रजी शब्दांच्या कोशाची प्रुफं दोघांनी तपासायची, अशी त्या खोलीतली रीत. एकाने शब्दाचं हाताने लिहिलेलं कार्ड मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापील ओळीवर बोट ठेवायचं. एकवीस वर्षं त्याच्या सहकारी बाई वाचत आल्या, हा बोट ठेवत आला. पहिला खंड निघाला आणि पंधरा दिवसांत बाईंनी नोकरी सोडली. तेव्हापासून कार्डं हाच लिहितो, वाचून फोनमध्ये आवाज भरतो आणि तोच आवाज लावून प्रुफं बघतो. स्वतःच्या आवाजाला कोण हटकणार?

डेझी. नाम. मुळात चकती, मग टेबल, मग मानकऱ्यांचं उंचावरचं टेबल. पुढे टेबल गेलं, उंची तेवढी राहिली.

डेझी या फुलाचा मजकूर डेइसला, म्हणजे व्यासपीठाला, आणि व्यासपीठाचा फुलाला. पेन्सिलीच्या दोन बाणांचं काम. पण बाईंना परत बोलवायला आठ महिने निमित्त सापडत नव्हतं. त्याने फोन लावला.

"बाई, मी."

"ओळखलं. बोला, सर."

"डेझीची व्युत्पत्ती जरा विचारायची होती."

"दिवसाचा डोळा. तुम्हाला ठाऊक नाही? बरे आहात ना?"

"आणि डेइस?"

पलीकडे नळ बंद झाला.

"ते तुम्हीच सांगा. तुम्ही बसून आलात त्यावर."

त्याने कार्ड उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"प्रकाशनाच्या दिवशी वर पाच खुर्च्या होत्या, बाई. पाचवी तुमची. अडचण होतेय म्हणून मीच काढायला लावली."

"माहितीये."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? खाली आणून माझ्याच शेजारी ठेवली. कार्यक्रम संपेपर्यंत तिच्यावर माझी पर्स होती." बाई हसल्या, पण थोडंच.

"चुकलं माझं. परत या. दुसरा खंड एकट्याने ओढवत नाही."

"ओढवत नाही म्हणून आठवण झाली होय?"

‘नाही’ म्हणता आलं असतं. पण ते खोटंच निघालं असतं.

"नाही येणार, सर. राग नाही; आता सकाळी उठून तिकडे यावंसंच वाटत नाही." मग कामाच्या सुरात, "प्लॅटफॉर्मचं कार्ड नीट लिहा. आधी सपाट आकृती, जमिनीवर आखलेला नकाशा. चौथऱ्याचा अर्थ नंतर."

"लिहून घेतो."

"घ्या."

फोन ठेवला गेला. त्याने दोन बाण काढले. प्रुफाच्या तळाशी तपासणाऱ्यांच्या सह्यांसाठी दोन चौकटी होत्या. आठ महिने तो दोन्हींत आपलीच सही ठोकत होता. आज एकीत केली, दुसरी कोरी सोडली आणि कागद छापखान्याच्या पाकिटात घातला.